मेपलचा रस: बादली की नळी? आधी उतार मोजा, मग कढई

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कॅनडात ओटावाच्या पश्चिमेला, लनार्क काऊंटीत तुम्ही पाच एकरांची जागा घेतली आहे. फाटकापासून घरापर्यंतच्या सपाट वाटेला वीसेक जुने मेपल आणि घरामागच्या उतारावर आणखी चाळीसएक. दोघंही नोकरी करता, मुलं शाळेत जातात. येत्या मार्चमध्ये खोडांना भोकं पाडून रस धरायचा आणि तो आटवून सिरप करायचं नक्की झालंय, पण बादल्या टांगायच्या की प्लास्टिकच्या नळ्या ओढायच्या यावरून घरात दोन तट पडलेत. एकाच्या मते बादली हीच खरी पद्धत. दुसऱ्याच्या मते नळी लावली की बसल्या जागी रस टाकीत येतो. त्यात कुणीतरी सांगितलंय की नळीला पंप जोडला की झाडाचा चीक ओढला जातो आणि झाड वाळतं.

घरातल्या दोन्ही पक्षांचं थोडं थोडं चुकतंय. मी याच काऊंटीत २००४ पासून हे काम करते. पहिली सात वर्षं नुसत्या बादल्या होत्या. आता साडेतीनशे भोकं नळीवर आणि रस्त्याकडेच्या झाडांना तीस बादल्या. सरळ उत्तर हवं असेल तर ते असं: वाटेवरच्या झाडांना कायम बादल्याच ठेवा, मागच्या उतारावर नळी घाला, पण नळी या वर्षी नको. पहिल्या मोसमात वीस बादल्यांवर थांबा. आणि बादली-नळीच्या आधी तुमच्याकडे रस आटवायला काय आहे ते मला सांगा, कारण ते तुम्ही लिहिलेलंच नाही आणि नव्या माणसाचं सगळं तिथेच अडतं.

आता 'चीक' या शब्दाबद्दल. चीक वडाला येतो, फणसाला येतो, रुईला येतो. मेपलमधून येतो तो रस, आणि दिसायला तो निव्वळ पाणी. जिभेवर घेतलात तर आधी गार लागतो, मग अगदी शेवटी गोडाची शंका येते. त्यात साखर साधारण दोन टक्के. माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, घरचं गुऱ्हाळ होतं. उसाच्या रसात अठरा-वीस टक्के साखर, तरी आटवताना चुलाण्यात जळण घालून घालून माणूस काळवंडायचा. इथे त्याच्या दहावा हिस्सा साखर. चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर सिरप. हा आकडा फ्रिजवर लिहून चिकटवा.

हा रस वाहतो कसा हे नीट समजलं की अर्ध्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात. रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर, अशी ये-जा लागते. मेपलच्या लाकडातल्या तंतूंमध्ये पाण्याऐवजी वायू भरलेला असतो. रात्री थंडी पडली की त्या तंतूंत बर्फ धरतो, आतला वायू दाबला जातो, आणि झाड मुळांकडून पाणी वर ओढून घेतं. सकाळी ऊन लागून बर्फ वितळला की दाबलेला वायू फुगतो आणि रसाला बाहेर ढकलतो. खोडाला कुठे भोक असेल, फांदी मोडलेली असेल, तिथून तो गळतो. मार्चमध्ये मोडक्या फांदीच्या टोकाला गोड बर्फाची लोंबी लटकलेली दिसेल, मुलांना तोडून द्या. सलग आठवडाभर गोठलेलं राहिलं तर थेंब नाही, आणि सलग आठवडाभर ऊबदार राहिलं तरी थेंब नाही. लनार्कमध्ये हा खेळ साधारण मार्चच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत चालतो, त्यातले खरे भरघोस वाहण्याचे दिवस दहा-बारा. ते दिवस नेमके तुमच्या ऑफिसच्या मीटिंगांच्या दिवशीच येणार, हे धरून चाला.

भोकाबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण बादली असो वा नळी, भोक तेच असतं आणि झाडाला जी काय इजा होते ती भोकाने होते.

५/१६ इंचाचा, म्हणजे साधारण आठ मिलिमीटरचा, ड्रिलचा नवा धारदार बिट घ्या. जुन्या लोखंडी तोट्यांना, म्हणजे भोकात ठोकून रस बाहेर आणायच्या नळकांड्यांना, ७/१६ इंचाचं भोक लागायचं. आता बादलीसाठीही लहान मापाच्या तोट्या मिळतात, त्याच घ्या. खोड छातीच्या उंचीवर निदान पंचवीस सेंटीमीटर जाड हवं. शिवणाच्या टेपने घेर मोजा: ऐंशी सेंटीमीटरच्या आत असेल तर ते झाड सोडून द्या. दीडएक मीटर घेराच्या पुढे असेल आणि झाड तब्येतीने चांगलं असेल तर दोन भोकं. तिसऱ्याचा मोह धरू नका, वाटेवरचं झाड केवढंही आजोबा असलं तरी.

ड्रिल किंचित वरच्या दिशेने धरायचं, म्हणजे भोकाचा उतार बाहेर राहतो. चार सेंटीमीटर आत, बस. बिटवर रंगीत चिकटपट्टी गुंडाळून खूण करा, अंदाजाने नको. एका दमात आत, एका दमात बाहेर. आत गोल गोल हलवत बसलात की भोक लंबुळकं होतं आणि तोटीच्या कडेने रस गळतो. आता बिटबरोबर बाहेर आलेला भुसा तळहातावर घेऊन बघा. सायीच्या रंगाचा, ओलसर, चुरगळला तर बोटांना चिकटणारा असेल तर लाकूड जिवंत आहे. चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी आला तर तुम्ही जुन्या जखमेत शिरलात. तिथे रस येणार नाही. दर वर्षीच्या भोकाभोवती झाड आतल्या आत एक भिंत उभारतं आणि तेवढं लाकूड कायमचं बाद करतं. ही बाद पट्टी रुंदीला भोकापेक्षा थोडीच जास्त, पण वर-खाली लांबलचक जाते. म्हणून नवं भोक जुन्याच्या बाजूला निदान पाच सेंटीमीटर सरकवून आणि वर-खाली वीतभरापेक्षा बरंच जास्त अंतर ठेवून पाडायचं. दरवर्षी खोडाभोवती असं फिरत गेलं की पहिल्या जागी परत येईपर्यंत झाडाने नवं लाकूड चढवलेलं असतं.

तोटी ठोकताना हातोडीचा आवाज ऐका. टक, टक, आणि मग एकदम ठस्स असा बसका आवाज आला की थांबा. मी पहिल्या वर्षी 'घट्ट बसली पाहिजे' म्हणून आणखी दोन ठोके हाणले आणि सतरा झाडांची साल तोटीच्या वर-खाली उभी चिरली. रस सगळा खोडावरून ओघळत राहिला, बादली कोरडी.

भोकाचं आयुष्य साधारण पाच-सहा आठवडे. जिवाणू आत शिरतात, वाढतात, आणि झाड तोंड बंद करून घेतं. १९६०च्या दशकात यावर उपाय म्हणून भोकात पॅराफॉर्मल्डिहाइडची गोळी टाकत. भोक उघडं राहायचं, पण झाडाची स्वतःला सांधण्याची ताकदच मारली जायची आणि आत कुज पसरायची. पुढे तिच्यावर बंदी आली. माझ्या शेजारच्या आजोबांच्या काही झाडांत त्या गोळ्यांच्या खुणा अजून आहेत, लाकूड फोडलं की काळे पट्टे दिसतात. तेव्हा 'जुनं ते शुद्ध' हा हिशोब या धंद्यात तरी सरसकट लागू होत नाही.

आता बादल्या.

बादलीचं सुख खरं आहे, ते मी नाकारत नाही. पहिल्या वाहत्या दिवशी रिकाम्या पत्र्याच्या तळाशी थेंब पडायला लागतात, टण, टण, टण, आणि वीस झाडांचा वीस तालांत आवाज येतो. तासाभरात तळ भरला की तो आवाज मऊ होतो. मुलांना झाकण उचलून कुठल्या झाडाने किती दिलं हे बघायचं वेड लागतं. आणि हे नुसतं वेड नाही, माहिती आहे: कुठलं झाड भरपूर देतं, कुठलं कंजूस, कुठलं आधी सुरू होतं. नळीवर हे काहीच कळत नाही, सगळा रस एकत्र येतो. म्हणूनच म्हणते, पहिलं वर्ष बादल्यांवर काढा. तुमची झाडं तुम्हाला ओळखीची होतील.

पण कष्टाचा हिशोब असा. चांगल्या दिवशी एक भोक सहा-आठ लिटर रस देतं. वीस भोकांचे सव्वाशे-दीडशे लिटर, म्हणजे तेवढेच किलो. सकाळी बर्फावर कडक पापुद्रा असतो, त्यावरून चालता येतं. संध्याकाळी तुम्ही ऑफिसातून येता तेव्हा तो पापुद्रा मऊ झालेला असतो, प्रत्येक पावलाला गुडघ्यापर्यंत आत, आणि दोन्ही हातांत वीस-वीस लिटर. वाटेवरच्या झाडांसाठी हे चालेल, कारण वाटेवरचा बर्फ तुम्ही तसाही काढता. घसरगाडीवर पिंप ठेवून ओढत न्या. हेच मागच्या उतारावर चाळीस झाडांसाठी करायला गेलात तर तिसऱ्या दिवशी घरातला 'खरी पद्धत' वाला पक्ष स्वतःहून पक्षांतर करेल.

रात्री बादलीत वरचा थर गोठला तर तो बर्फ काढून फेकून द्या. साखर बरीचशी खालच्या पातळ रसात राहते, तेवढं जळण वाचतं. झाकण मात्र हवंच. पाऊस, गळणारा बर्फ, सालीचा कचरा, आणि थंडीतही उडणारे तपकिरी पतंग, यांना गोडाचा वास फार लवकर लागतो. आणि रस दुधासारखा समजायचा. गार असेपर्यंत ठीक. पारा वर गेला आणि रस दोन दिवस बादलीत राहिला की तो गढूळ होतो, मग चिकट तारा सुटतात. एका वर्षी शनिवार-रविवार आम्ही टोरांटोला लग्नाला गेलो, हवा अचानक बारा अंशांवर गेली, परत आलो तर चाळीस बादल्यांत तांदळाच्या पेजेसारखं पाणी. सगळं ओतून, बादल्या घासून परत टांगल्या.

जुन्या बादल्या घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा, ही मी पैसे घालवून शिकले. शेतावरच्या लिलावात जस्ताच्या जुन्या बादल्या फार देखण्या दिसतात. त्यांच्या सांध्यांना पूर्वी शिशाचं सोल्डरिंग करत. मी घेतलेल्या चाळीसपैकी अकरा बादल्यांच्या शिवणीवर चाचणीची काडी फिरवली तर ती गुलाबी झाली. रस तासन्‌तास त्यात उभा राहतो, आणि मग तोच रस तुम्ही चाळीसपट आटवता. त्या अकरांत आता जिरेनियमची रोपं आहेत. हार्डवेअरच्या दुकानात शिसं तपासायच्या काड्या मिळतात. नाहीतर सरळ ॲल्युमिनियमच्या किंवा अन्नासाठीच्या प्लास्टिकच्या बादल्या घ्या.

आणि 'खरी पद्धत' म्हणाल तर पत्र्याची बादली काही फार जुनी नाही. इथले मूळ रहिवासी, म्हणजे अनिशिनाबे, हॉडनोशोनी, अबेनाकी आणि इतर, युरोपातले लोक येण्याआधीपासून भूर्जाच्या सालीच्या भांड्यांत रस धरत. नंतर वसाहतवाल्यांनी पिंपासारख्या फळ्या जोडून लाकडी बादल्या केल्या, मग पत्रा आला, आणि १९५०च्या दशकात प्लास्टिकची नळी. म्हणजे नळीलाही आता सत्तरेक वर्षं होत आली. जगातल्या मेपल सिरपपैकी साधारण सत्तर टक्के कॅनडातल्याच क्युबेक प्रांतात होतं आणि तिथल्या मोठ्या बागांत तुम्हाला बादली फक्त पर्यटकांच्या फोटोपुरती दिसेल.

नळी समजावून सांगायची तर महाराष्ट्रातल्या माणसासाठी दोन शब्द पुरतात: उलटं ठिबक. मेन, सबमेन, लॅटरल, सगळं तेच. फक्त पाणी झाडाकडे जाण्याऐवजी झाडाकडून येतं. प्रत्येक तोटीपासून दोन हात, ऐंशी-नव्वद सेंटीमीटरची लोंबती नळी, ती लॅटरलला, म्हणजे झाडाझाडांवरून जाणाऱ्या ओळीच्या नळीला, जोडायची, लॅटरल खाली टाकीत. लोंबती नळी आखूड ठेवू नका. ती जितकी लांब तितकं तुम्हाला पुढच्या वर्षी खोडाभोवती फिरून ताजं लाकूड शोधता येतं. आखूड नळी असली की माणूस आळसाने त्याच चार इंचांत भोकं पाडत राहतो आणि पाच वर्षांत झाडाची ती बाजू बाद.

लॅटरल सरळ, ताणलेली आणि सतत उतरती हवी. एका झाडाच्या डावीकडून, पुढच्याच्या उजवीकडून, अशी नागमोडी विणत नेली की तिचा ताण तीच धरते. कुठे झोळ पडला की तिथे रस साचतो, रात्री गोठतो आणि दुसऱ्या दिवशी वरची झाडं वाहायला लागली तरी ती गाठ सुटत नाही. दुपारी उन्हात तोच साचलेला रस तापतो आणि नासायला लागतो. तुमच्या वाटेवरची झाडं सपाटीवर आहेत, म्हणून तिथे नळी नको म्हणाले. शिवाय तिथून गाड्या जाणार, कुरियरवाला येणार, कुणाच्या तरी गळ्याशी नळी येईल.

मागच्या उतारासाठी पंपाचीही गरज नाही. ३/१६ इंचाची बारीक नळी घ्या. अमेरिकेतल्या व्हर्माँट विद्यापीठाच्या प्रॉक्टर मेपल संशोधन केंद्रात टिम विल्मट यांनी ही पद्धत पुढे आणली. नळी इतकी बारीक असते की रसाचा स्तंभ तुटत नाही, हवेचे बुडबुडेसुद्धा रसाबरोबरच खाली येतात, आणि खाली उतरणाऱ्या स्तंभाच्या वजनाने वर आपोआप ओढ तयार होते. आपल्याकडे विहिरीचं पाणी पंचवीस-तीस फुटांखाली गेलं की काठावरची मोटर पाणी उचलत नाही, ती खाली उतरवावी लागते. नियम तोच, फक्त इथे तो आपल्या बाजूने काम करतो. दहा मीटर उभा उतार मिळाला की जवळजवळ पूर्ण निर्वात, फुकट. पण ही ओढ भोकाच्या खाली किती उतार शिल्लक आहे त्यावर ठरते. म्हणजे उताराच्या माथ्यावरच्या झाडांना भरपूर, टाकीजवळच्यांना जवळपास शून्य. म्हणून टाकी शेवटच्या झाडापासून जमेल तितकी खाली न्या. उतार फोनवर मोजू नका, फार चुकतो. मिस्त्री लोक पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन लेव्हल काढतात, तसं दोघांनी दोन टोकं धरून टप्प्याटप्प्याने मोजा. तीन-चार मीटरच निघाला तर बारीक नळीचा फायदा थोडा; मग साधी ५/१६ची नळी टाका आणि गुरुत्वावर समाधान माना. चाळीस झाडं एका ओळीवर घालू नका, बारीक नळीच्या दोन ओळी करा.

बारीक नळीची खोड अशी की ती दोन-तीन वर्षांत आतून बुळबुळीत होते आणि जोडांच्या ठिकाणी चोंदते. पहिल्या वर्षाचं उत्पन्न बघून लोक नाचतात, तिसऱ्या वर्षी 'झाडं थकली' म्हणतात. झाडं नाही थकली, जोड चोंदलेत. मोसम संपल्या दिवशी तोट्या काढून ओळी धुवायच्या, तोट्या दरवर्षी नव्या, आणि लोंबत्या नळ्या काही वर्षांनी बदलायच्या. तोट्यांवर काटकसर करू नका. रात्री झाड गोठताना आत ओढतं तेव्हा लोंबत्या नळीतला शिळा रस भोकात परत जातो, जिवाणूंसकट, आणि भोक लवकर मिटतं. यासाठी आत छोटी गोळी असलेली, परत न जाऊ देणारी तोटीही मिळते, विहिरीच्या फुटव्हॉलसारखी. धुण्यासाठी घरातलं सोडियमवालं ब्लीच वापरू नका. त्याचा खारटपणा नळीत राहतो आणि खारी त्यावर तुटून पडतात.

खारींबद्दल काय सांगू. तासगावकडे द्राक्षबागेतलं ठिबक कुरतडणाऱ्या खारी मी लहानपणी हाकलल्या आणि सातासमुद्रापलीकडे येऊन तेच काम करतेय. फेब्रुवारीच्या शेवटी रोज नळीच्या बाजूने चालावं लागतं. गळती शोधायची रीत अशी: लॅटरलमधले बुडबुडे बघा. रस आणि बुडबुडे आळसावल्यासारखे, थांबत थांबत सरकत असतील तर ओळ ठीक आहे. बुडबुडे एकामागून एक सुसाट पळत असतील तर वरच्या बाजूला कुठेतरी हवा शिरतेय. वर चालत जा, प्रत्येक जोडाशी थांबा, टोपी कानावरून काढा. बारीक फुस्स ऐकू येईल. बहुतेक वेळा ती दोन दातांची, नळीच्या फक्त वरच्या अंगाला पडलेली खूण असते, डोळ्याला दिसत नाही पण अंगठा फिरवला की खरखरते. तेवढा तुकडा कापा, जोड घाला, पुढे चला. खिशात दहा जोड, कात्री आणि थर्मासात कोमट पाणी ठेवा. थंडीत नळीचं तोंड मऊ केल्याशिवाय जोड आत शिरत नाही.

म्हणून 'बसल्या जागी रस' हे स्वप्न आत्ताच सोडा. नळीने कष्ट कमी होत नाहीत, त्यांचा महिना बदलतो. बादलीचे कष्ट सगळे मार्चमध्ये, रोज संध्याकाळी. नळीचे कष्ट जानेवारीत ओळी टाकताना, फेब्रुवारीत गळत्या शोधताना आणि एप्रिलमध्ये धुताना. नोकरी करणाऱ्याला हे सोयीचं पडतं, कारण जानेवारीचा शनिवार आपल्या हातात असतो, मार्चचा वाहता मंगळवार नसतो. नळीच्या बाजूने मी एवढंच म्हणेन, पण माझ्या दृष्टीने एवढं पुरेसं आहे.

पंपाने झाड वाळतं का? साडेतीनशे भोकांवर मी पंप चालवते, तेव्हा हा प्रश्न माझाही होता. पंप रस 'पिळून' काढत नाही, भोकाच्या बाहेरचा दाब कमी करतो, म्हणजे झाडाचा स्वतःचा दाब कमी असलेल्या दिवशीही रस येत राहतो. ही ओढ पाऱ्याच्या इंचांत मोजतात, आणि दर इंचामागे साधारण पाच टक्के रस वाढतो. बादलीवर एका भोकामागे मोसमात लिटरभर सिरप पडत असेल तर चांगल्या निर्वातावर दुप्पट जातं. रसाची गोडी त्याने कमी होत नाही, आतली जखमही मोठी होत नाही. प्रॉक्टर केंद्रात हे तपासून झालेलं आहे. पण जास्त रस म्हणजे झाडाची जास्त साखर, हे तर उघडच आहे. म्हणून नेम झाडाच्या वाढीवर ठेवा. जोमाने वाढणारं झाड जेवढं लाकूड बाद होतं त्याहून जास्त नवं घालतं. वाळक्या शेंड्याचं, पानं झडलेलं, किड्यांनी खाल्लेलं झाड बादलीवरही त्या वर्षी मोकळं सोडायचं. जानेवारी १९९८च्या हिमवादळात या भागात गोठत्या पावसाने झाडांचे शेंडेच्या शेंडे मोडले. शेजारच्या आजोबांनी त्यानंतर तीन वर्षं अर्ध्या बागेला भोक पाडलं नाही. ते बादलीवालेच होते.

चवीचा वाद एका ओळीत मिटवते: ताजा रस लगेच आटवला तर दोन्हींचं सिरप सारखंच लागतं, शिळा रस दोन्हींचं बिघडवतो.

आता कढई, जिच्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. सपाट उथळ कढईतून, खाली चांगला जाळ असेल तर, दर चौरस फुटामागे तासाला साधारण चार लिटर पाणी उडतं. दोन बाय तीन फुटांच्या कढईत चोवीस लिटर. साठ झाडांना एकेक भोक, मोठ्या दिवशी प्रत्येकी सहा लिटर, म्हणजे तीनशे साठ लिटर. भागा. पंधरा तास. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच रस आला तर? रस ठेवता येत नाही हे वर सांगितलंच. वीस भोकांचे एकशेवीस लिटर पाच तासांत आटतात, शनिवार दुपारी सुरू करून जेवणाच्या वेळेपर्यंत. वीस बादल्या म्हणाले त्याचं कारण हे. लोक नळीवर पैसे घालतात, टाकी भरून वाहते, आणि आटवायला गॅसची शेगडी. आमच्या पहिल्या वर्षी मी स्वयंपाकघरात चाळीस लिटर आटवायला बसले होते. एकोणचाळीस लिटर वाफ भिंतींत गेली, फडताळाचा लॅमिनेट सुटला, आणि अकरा वाजता डुलकी लागली तेव्हा उरलेल्या एक लिटरचा कोळसा झाला. बाहेरच आटवा, विटांचं चुलाण रचून, कोरडं फाटलेलं लाकूड मनगटाएवढं बारीक करून.

फेस वर आला तर लोण्याचा नखाएवढा गोळा पुरतो. शेवटी थर्मामीटर: त्या दिवशी साधं पाणी ज्या तापमानाला उकळतं, त्याहून चार अंश वर. डोळ्याने बघायचं असेल तर डावावरून थेंब थेंब न पडता कडेला पडद्यासारखा जमून पडायला लागला की उतरवा, एकतारी पाकाच्या जरासं अलीकडे. गरम असतानाच लोकरी फिल्टरमधून गाळा, नाहीतर तळाशी वाळूसारखी साखर-खनिजांची रेव बसते.

सध्या ऑक्टोबर आहे आणि झाडांवर अजून पानं आहेत, म्हणून या आठवड्यात करायचं काम सांगते. पानं असतानाच झाडं ओळखून रिबिनी बांधा. शुगर मेपलच्या पानाची कड गुळगुळीत आणि दोन पाळ्यांमधली खाच गोलसर. रेड मेपलची कड करवतीसारखी आणि खाच टोकदार. शुगर मेपलला पिवळी रिबिन, रेड मेपलला लाल. लालवाल्यांचा रसही चालतो, पण त्यांना कळ्या आधी फुटतात आणि मग सिरपला एक विचित्र वास येतो, तेव्हा एप्रिलमध्ये त्यांच्या बादल्या आधी उतरवायच्या. समोरासमोर फांद्या असल्या म्हणजे मेपलच, असं समजू नका. ॲश नावाच्या इथल्या दुसऱ्या झाडाच्या फांद्याही समोरासमोर असतात, आणि फेब्रुवारीत उघड्या खोडाशी ड्रिल घेऊन उभं राहिलं की मी मी म्हणणारेही चुकतात. मी एकदा ॲशला बादली लावून नऊ दिवस वाट बघितली आहे. रिबिनी बांधून झाल्या की उताराचं माप आणि कढईचं माप, दोन्ही आकडे कळवा, मग नळीच्या ओळी कुठून न्यायच्या ते बघू.